शाहीर साबळे आणि पार्टी : तबकडीवर उतरलेलं आणि बाहेर राहिलेलं

नांदेड-लातूर रस्त्यावर विष्णुपुरी लागते. एका अंगाला गोदावरीवरचं धरण आणि जुनं काळेश्वराचं देऊळ, दुसऱ्या अंगाला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. अभियांत्रिकीची संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच भागात. त्यामुळे इथे सरकारी कार्यक्रमांना तोटा नाही, आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून अशा कार्यक्रमांत राज्यगीत वाजतं. राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेलं आणि शाहीर कृष्णराव साबळे यांनी गायलेलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’. राज्यगीत म्हणून मूळ गाण्यातली दोन कडवी घेतली आणि कालावधी ठरला एक मिनिट एकेचाळीस सेकंद. गाण्यात सुरुवातीलाच नद्यांची नावं येतात, त्यांत गोदावरीही आहे. ती सभागृहामागून वाहत असल्याने आपल्याकडे टाळी जरा लवकर पडते.

साठ वर्षांहून जुना हा आवाज आज शाळकरी पोराच्याही ओळखीचा आहे. पण साबळ्यांचं दुसरं गाणं कोणतं, असं विचारलं तर बरेच जण अडखळतात. मग ‘या गो दांड्यावरनं’ म्हटलं की चेहरा उजळतो. ‘विंचू चावला’, ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’, ‘पयलं नमन’, ‘मल्हारवारी’ अशी एकेक नावं घेतली की लक्षात येतं, ही सगळी गाणी आपल्याला आधीपासून येत होती, फक्त ती एकाच माणसाच्या संचाची आहेत हे माहीत नव्हतं. लोकगीत गाणाऱ्याचं हेच होतं. गाणं जितकं चालतं तितका गायक त्यातून पुसला जातो.

आयर्लंडमध्ये १९६२ मध्ये पॅडी मोलोनी यांनी ‘द चीफ्टन्स’ हा लोकवाद्यांचा संच उभा केला. मोलोनी २०२१ मध्ये वारले तोवर तो चालू होता. त्यांच्या सुरुवातीच्या बऱ्याच अल्बमना धड नावंही नव्हती, नुसते क्रमांक : चीफ्टन्स २, ३, ४, ५. त्याचा फायदा असा की कपाटात ओळीने लावले की संचाचा इतिहास आपोआप उभा राहतो. कोणत्या साली कोण आलं, कोण गेलं, वीणा कधी शिरली, सगळं दिसतं. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’चं असं कपाट लावायला घ्या, पंचाईत होते. आपल्याकडे लोकसंगीतात अल्बम ही कल्पनाच नव्हती. एकेक गाणं सुटं यायचं आणि पुढे कंपनी तेच गाणं छोट्या तबकडीवर, मग मोठ्या तबकडीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर, दर वेळी वेगळ्या शेजाऱ्यांसोबत छापायची. कोळीगीताच्या बाजूला गोंधळ, गोंधळाच्या बाजूला भारूड. ऐकणाऱ्याला वाटतं हे सगळं एका बैठकीत गायलंय. प्रत्यक्षात मधे कित्येक वर्षं गेलेली असतात.

साबळ्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाईजवळच्या पसरणीचा. शिक्षणासाठी अमळनेरला गेले, तिथे साने गुरुजींचा सहवास मिळाला. बेचाळीसचा लढा, मग गोवामुक्ती, मग संयुक्त महाराष्ट्र, या सगळ्यांत डफ घेऊन उभे राहिले. त्या काळात कलापथकांचा सुकाळ होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. राष्ट्र सेवा दलाचं पथक वेगळं. साबळ्यांनी आपला स्वतंत्र संच बांधला. त्यांच्या पत्नी भानुमती स्वतः गाणी लिहीत, म्हणजे घरातच कवी होता. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, २० मार्च २०१५ ला ते गेले. आयुष्याची कहाणी त्यांनी ‘माझा पवाडा’ या आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे आणि २०२३ मध्ये नातू केदार शिंदे यांनी त्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ हा सिनेमाही केला, तेव्हा चरित्राचं एवढंच पुरे. मला इथे बोलायचंय ते तबकडीबद्दल. तबकडीने त्यांच्या गाण्यातलं काय उचललं आणि काय बाहेर ठेवलं?

हिंदुस्थानातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. फ्रेडरिक गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला आणि गौहरजानचा आवाज घेऊन गेला. तेव्हापासून अर्धशतकाहून जास्त काळ गाण्याचा मालक एकच होता : दहा इंची तबकडीची एक बाजू. मिनिटाला ७८ फेरे, त्यात तीन, फार तर साडेतीन मिनिटं. तबकडी लाखेची, म्हणून जड आणि ठिसूळ, हातातून पडली की खापऱ्या. ख्यालगायकांनी तीन मिनिटांत राग बसवायची वेगळी कला कमावली. नाट्यगीताला, लावणीला फारशी अडचण आली नाही, कारण धृपद आणि दोन-तीन कडवी एवढा तिचा देह. खरी अडचण झाली लोककलेची. तिचा हिशेब मिनिटात नसतो, रात्रीत असतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लग्नानंतर किंवा नवस फेडायला वाघ्या-मुरळी बोलावून जागरण घालतात, ते खरोखर जागरणच असतं. चौक भरायचा, देवांना आवतण द्यायचं, मग पदं, मग कथा, मधे वाघ्याचे विनोद, पहाटेकडे लंगर तोडायचा, शेवटी आरती. गोंधळही तसाच. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर इथल्या देवींपासून गावच्या शिवेवरच्या देवापर्यंत सगळ्यांना हाक मारायची, कुणाला विसरलं तर चालत नाही. नुसतं हे आवाहन मन लावून केलं तर एका तबकडीच्या दोन्ही बाजू संपतील आणि देव अजून वाटेतच असतील.

साबळ्यांच्या संचाने यावर जो तोडगा काढला तो मला त्यांच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यांनी विधी सोडला आणि त्यातला एकच तुकडा उचलला, ज्याला चाल पक्की आहे, धृपद लक्षात राहतं आणि ज्याच्या मागे सगळा विधी असल्याची नुसती खूण पटते. ‘मल्हारवारी’ ऐकताना संबळाचे ठोके आणि झीलकऱ्यांची ओढलेली साथ कानावर पडते, आणि ज्याने कधीकाळी रात्र जागून गोंधळ पाहिलाय त्याला बाकीचं आपोआप आठवतं. ज्याने पाहिला नाही त्याला ते एक झकास गाणं वाटतं. दोघंही खूश. पण दोघांनी ऐकलेली वस्तू एक नाही.

भारुडाची गोष्ट तर आपल्या नदीकाठची आहे. ‘विंचू चावला’ एकनाथांचं, पैठणचं. गोदावरी तिथून वाहत विष्णुपुरीला येते. नाथांचं भारूड म्हणजे निम्मं नाटक. विंचू चावलेला माणूस तळमळतो, लोक हसतात, मग हळूच उमगतं की हा विंचू कामक्रोधाचा आहे. गावच्या भारुडात हा तळमळाट पाच-दहा मिनिटं सहज चालतो, त्यात सरपंचाची थट्टा होते, गेल्या आठवड्यातल्या भांडणाचा उल्लेख येतो. तबकडीवर हे अर्थातच येणार नाही. साबळ्यांनी तो अभिनय गळ्यात आणला. शब्द फेकायची पद्धत, मधेच चिरकणारा स्वर, कण्हणं आणि लय यांची सरमिसळ. डोळे मिटून ऐकलं तरी माणूस नाचताना दिसतो. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं भारूड करतात ते बहुतेक वेळा या ध्वनिमुद्रणाची नक्कल असते, नाथांच्या परंपरेची नव्हे. त्यात वाईट काही नाही, पण गावागणिक वेगळं असलेलं भारूड हळूहळू एकसारखं होत गेलं हे मान्य करायला हवं.

हा अनुभव फक्त मराठीचा नाही. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला मायकल कोलमन हा फिडलवादक अमेरिकेत गेला आणि १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या बोटीने परत आयर्लंडला गेल्या. तिथल्या वादकांनी त्या इतक्या ऐकल्या की दुसऱ्या परगण्यांतली वाजवण्याची जुनी धाटणी मागे पडली आणि स्लायगोची ढब म्हणजेच आयरिश फिडल असं समीकरण झालं. तबकडी परंपरा वाचवते तसाच परंपरेतला एक नमुना निवडते आणि त्याला मूळ प्रत बनवते. ‘या गो दांड्यावरनं’ कोळीवाड्यांत किती तऱ्हेने म्हणत असतील कुणास ठाऊक, आपल्या कानात एकच आहे.

स्टुडिओची बाजूही पाहायला हवी. त्या काळी एक-दोन मायक्रोफोनसमोर सगळा संच उभा राहायचा आणि ध्वनीचा तोल सांभाळायचा तो कोण किती लांब उभं राहतो यावर. संबळ आणि हलगी ही मैदानातली वाद्यं, चार वस्त्यांना ऐकू जावीत म्हणून बनलेली. ती खोलीत वाजली की बाकी सगळं गिळून टाकतात. म्हणून त्यांना मागे ढकलायचं किंवा हात राखून वाजवायला सांगायचं. तुणतुण्याची गत उलटी, त्याची बारीक तार यंत्रात जेमतेम उतरते. ढोलकी मात्र माइकला मानवली. जुन्या तबकड्यांवर लोकसंगीत म्हणजे प्रामुख्याने ढोलकी असं जे वाटतं त्यात परंपरेचा वाटा आहे तसा या यंत्राच्या आवडीनिवडीचाही असावा.

आणि मग लेबल. मधोमधच्या गोल कागदावर गायकाचं नाव, त्यापुढे ‘आणि पार्टी’. कव्वालांच्या तबकड्यांवरही हीच रीत होती. गीतकार, संगीतकार असतील तर त्यांची नावं लहान अक्षरांत. ढोलकी कुणी वाजवली, झील कुणी धरली, कडे कुणी वाजवलं, हे त्या ‘पार्टी’त जमा. चीफ्टन्सच्या वेष्टनावर बासरी कुणाची, फिडल कुणाचं हे नीट छापलेलं असतं, म्हणून त्यांच्यातल्या प्रत्येक वादकाचा स्वतंत्र माग काढता येतो. आमच्या पार्टीतला ढोलकीवाला ज्या गाण्यामुळे महाराष्ट्रभर घराघरांत पोचला त्या गाण्यावर त्याचं नाव नाही. कंपनीला दोष देऊन भागणार नाही, फडात आणि कलापथकातही नाव म्होरक्याचंच असायचं. छापील लेबलाने तीच उतरंड पुढे नेली.

या सगळ्यात सर्वांत मोठी वस्तू बाहेर राहिली ती म्हणजे साबळ्यांची मुक्तनाट्यं. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’, ‘असुनी खास मालक घरचा’, ‘कोयना स्वयंवर’, ‘बापाचा बाप’, ‘फुटपायरीचा सम्राट’ ही नावं वाचूनच तो काळ उभा राहतो. तमाशाचा साचा घेतलेला, पण सोंगाड्या मंत्र्याची टिंगल करतोय. शिवसेनेच्या स्थापनेच्या काळात ‘आंधळं दळतंय’ मुंबईत गाजलं, कारण मराठी माणूस दळतोय आणि पीठ दुसरंच कुणी खातंय ही तक्रार प्रेक्षकांच्या मनातली होती. या नाट्यांतली गाणी ऐकायला मिळतात, पण ज्या संवादांनी, हजरजबाबी कोट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं जायचं ते प्रयोगाबरोबर संपायचे. दर प्रयोगाला ते बदलतही असत, तेव्हा नेमका कोणता प्रयोग मुद्रित करायचा हाही प्रश्नच. तमाशाचं तेच झालं. गण, गवळण, लावणी तबकडीवर आली, बतावणी आणि वग नाही. आज तमाशा म्हणजे लावणी असा जो समज शहरात आहे, त्याला सिनेमा जितका जबाबदार तितकी ही तीन मिनिटं.

पवाड्यावर मात्र एक मधला मार्ग निघाला होता. एका बाजूला पहिला भाग, दुसऱ्या बाजूला दुसरा. अफझलखान शामियान्यात शिरला की सुई उचलायची, तबकडी उलटायची, चावी फिरवायची आणि मग वाघनखं. ऐकणाऱ्यांना त्या थांबण्याचीही मजा वाटत असणार. पुढे ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आली, त्यात बहुधा चार गाणी. मग ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी, एका बाजूला वीसेक मिनिटं. आता खरं तर अख्खं भारूड, निदान अख्खा गोंधळाचा एक भाग तिच्यावर घेता आला असता. पण तोवर लोकांच्या कानाला तुकड्याची सवय झाली होती आणि मोठी तबकडी परवडणारं गिऱ्हाईक शहरातलं होतं. त्यामुळे मोठी तबकडी जुन्या गाण्यांच्या पुनर्मुद्रणातच बरीचशी खर्ची पडली.

साबळे स्वतः वेगळ्या दिशेला वळले. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात त्यांनी वासुदेव, पोतराज, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीनाच, मंगळागौर असं सगळं एका रंगमंचावर ओळीने मांडलं. एका अर्थी ही त्यांच्या तबकड्यांचीच मालिका होती, फक्त आता डोळ्यांसमोर. रंगमंचावर वेळेची सक्ती नव्हती, तरी प्रत्येक प्रकार काही मिनिटांत आटोपून पुढचा यायचा. तबकडीचं माप त्यांच्या हाडात मुरलं होतं, असं मला वाटतं. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही मंडळी या लोकधारेतूनच पुढे आली, आणि मुलगा देवदत्त साबळे यांनी ‘ही चाल तुरुतुरु’सारख्या गाण्याला चाल देऊन वेगळीच वाट धरली. ‘मल्हारवारी’ २००४ मध्ये अजय-अतुल यांनी ‘अगं बाई अरेच्चा’मध्ये नव्याने आणलं. आज लग्नाच्या वरातीत वाजतं ते बहुधा हे. संबळ पुढे आहे, आवाज भरदार आहे, आणि माइकला आता त्याची भीती राहिलेली नाही. जुनं श्रेष्ठ की नवं, या वादात मी पडणार नाही, पण संबळाला न्याय नव्यातच मिळालाय.

साबळ्यांसोबत मराठवाड्याने खरं तर आणखी एका घराला जवळ केलं, आणि त्या घराची गोष्ट तबकडीपेक्षा कॅसेटची आहे. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे, जन्म १९३३ चा. तरुणपणी इस्माईल आझाद या कव्वालांच्या संचात कोरसमध्ये गायले, म्हणजे कुणाच्या तरी ‘पार्टी’तलेच एक. मग स्वतःच्या नावावर विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी आली, भीमगीतं आली. त्यांच्या खड्या आवाजाला माइकची गरज आहे की नाही असा प्रश्न पडावा. २००४ मध्ये ते गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, असा तीन पिढ्यांचा गळा सलग ऐकू येतो. नांदेड-लातूरकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत या घरातला कुणी ना कुणी वाजतोच, आणि आषाढीलाही वाजतो. एकाच घराला दोन्ही मांडवांत हा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ मध्ये, पण आपल्या खेड्यात ती पोचली ऐंशीच्या दशकात. तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेट भरायला एक खोली आणि दोन यंत्रं पुरायची. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये भारतातल्या कॅसेटवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात मुख्य मुद्दा हाच होता की मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतलं, जत्रेतलं, जातीजमातींचं गाणं बाजारात आलं. आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट हा’ त्याच लाटेतला. पानटपरी, काळीपिवळी, उसाची गुऱ्हाळं, सगळीकडे तो पोपट बोलायचा. सभ्य घरांतून नाकं मुरडली गेली आणि कॅसेटी मात्र खपत राहिल्या.

आता एका बाजूला तीस मिनिटं होती. ज्या कथेला तबकडीने दार बंद केलं होतं तिला इथे जागा मिळाली. देवदेवतांच्या कथा, संतांची चरित्रं, बाबासाहेबांच्या जीवनावरचे प्रसंग अशा सलग कथागीतांच्या कॅसेटी यात्रेत हातगाड्यांवर मांडलेल्या असत. परभणीचे राजारामबापू कदम यांच्यासारखे गोंधळी ज्या आख्यानांवर अख्खी रात्र जागवत, किंवा विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर आणलेलं ‘जांभूळ आख्यान’, त्या जातीच्या गाण्याला तीस मिनिटंही अपुरी, पण निदान गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळू लागला.

कॅसेटही गेली. मोबाइलमध्ये आता लांबीला काही मर्यादाच नाही. तरी नवी लोकगीतं चार-पाच मिनिटांचीच निघतात, डीजेला तेवढीच लागतात. पण माळेगावच्या बाजूची जागरण-गोंधळाची मंडळं आणखी एक उद्योग करतात. यजमानाच्या अंगणात एक कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा आणि आवतणापासून लंगर तुटेपर्यंतचं सगळं, कित्येक तासांचं, विनोद-खाकरणं-चहासकट यूट्यूबवर चढवायचं. चित्र हलतं, आवाज फाटतो, मधेच कुणाचं तरी लेकरू रडतं. खाली पट्टीवर मात्र वाघ्याचं, मुरळीचं, संबळवाल्याचं, ढोलकीवाल्याचं नाव गावासकट असतं आणि त्यापुढे मोबाइल नंबर, कारण पुढची सुपारी त्यावरच येते.